जर्मन वाचताना इंग्रजी बाजूला ठेव

तुझा प्रश्न असा: मिरजेत नर्सिंग झालं, जर्मनचं ए२ (प्राथमिक पातळी) झालं, शब्द पाठ आहेत, तरी लांब वाक्य आलं की अर्थ सुटतो, जर्मनीला यायच्या आधी वाचन कसं सुधारू? मीही सांगलीचीच, इथे हॉस्पिटलमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शब्द कमी पडत नाहीयेत तुला. आपण जर्मन वाचतो ते इंग्रजीच्या सवयीने. पहिलं नाम आलं की तोच कर्ता, हे शाळेपासून डोक्यात बसलंय. आता हे बघ: ‘देन पात्सिएंटेन हाट दी श्वेस्टर गेरूफेन.’ इंग्रजीच्या चालीने वाचलंस तर पेशंटने सिस्टरला बोलावलं. झालंय उलटं. ‘देन’ दिसला की तिथेच आपला ‘ला’ लाव: पेशंटला सिस्टरने बोलावलं. क्रमसुद्धा जवळपास आपलाच! ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’, त्याच्यानंतर क्रियापद शेवटी जातं, त्याची धास्ती इंग्रजांनी घ्यावी, आपण जन्मभर क्रियापदाची वाट बघतच ऐकत आलोय.

जपायचं ते तुटणाऱ्या क्रियापदांना, म्हणजे ज्यांचा एक तुकडा वाक्याच्या शेवटी जातो त्यांना. ‘वीर झेट्सेन दास मेडिकामेंट होइटे आब’ म्हणजे हे औषध आजपासून बंद. शेवटचा ‘आब’ नजरेतून सुटला तर वॉर्डात घोळच.

सरावाला डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या साइटवर सावकाश वाचलेल्या बातम्या आहेत, सोबत मजकूरही असतो. एकच बातमी घे. आधी नुसती वाच आणि पेन्सिलीने वाक्य तोड: कोण, कोणाला, कधी, कुठे. मग ऐकत वाच, मग मोठ्याने. दुसऱ्या दिवशी परत तीच. कंटाळा येतो, पण शब्द सुटे न दिसता गटाने दिसायला लागतात. ओळीच्या वर मराठी अर्थ मात्र लिहू नकोस. पुढच्या वेळी डोळा जर्मनवर थांबतच नाही, थेट अर्थावर जातो.

नजर मागे जाते म्हणून हिरमुसू नकोस. वाचताना ती सरकत नाही, उड्या मारते, एकेका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबते आणि अडलं की मागे येते. मराठी वाचतानाही हेच होतं.

मजकूर सोपाच निवड. शंभर शब्दांत पाचाहून जास्त अनोळखी निघाले तर ते वाचन नव्हे, डिक्शनरी चाळणं.

आपली नर्सिंगची पदवी जर्मनीत मान्य करून घ्यायला बहुतेक ठिकाणी बी२, म्हणजे ए२च्या दोन पायऱ्या वरची पातळी, मागतात. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या बी२ परीक्षेला वाचनासाठी ६५ मिनिटं असतात आणि पास व्हायला १०० पैकी ६० लागतात. घड्याळ लावून वाचायचं ते परीक्षा जवळ आल्यावर, आत्ता नको. आणि झटपट बी२ची हमी देणारा क्लासवाला भेटला तर फी भरण्याआधी एवढंच विचार, वर्गात रोज वाचून किती घेता.