काहीही कारण नसताना सतत उदास का वाटतं? अशा वेळी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वय २९, नोकरी बरी चाललीय, घरी भांडण नाही, तरी दोन महिने मन उदास आहे. आणि कुणी 'काय झालं?' विचारलं की सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून उलट अपराधी वाटतं. त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलो. मी डॉक्टर नाही. सांगलीत हिशेबाचं काम करतो, वय ४८. पाच वर्षांपूर्वी यातून गेलोय, तेवढाच माझा अधिकार.

कातरवेळची हुरहुर सगळ्यांनाच माहीत असते. आजी तिन्हीसांजेला आडवं होऊ द्यायची नाही. दिवा लागला, स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागली, की ती हुरहुर विरून जायची. माझं तसं नव्हतं. मला पहाटे चारला टक्क जाग यायची आणि छातीवर कुणीतरी पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. दिवस चढेल तसं जरा हलकं. संध्याकाळी तर मी जवळजवळ नेहमीसारखा असायचो, त्यामुळे बघणाऱ्याला वाटणार की याला काय धाड भरलीय! पहाटे लवकर जाग येणं आणि सकाळ सगळ्यांत जड जाणं, हे नैराश्याच्या आजारात बऱ्याचदा दिसतं, हे मला फार नंतर कळलं.

एकदा ऑफिसला निघताना पलंगाच्या कडेला बसलो होतो. एक मोजा पायात, दुसरा हातात. ही डबा घेऊन आली तेव्हा मला तसं बसून पंचवीस मिनिटं झाली होती. "काय झालं?" "काही नाही." खोटं बोलत नव्हतो. खरंच काही झालं नव्हतं.

मग मी कारण शोधायला लागलो आणि तिथेच फसलो. कारण शोधलं की सापडतंच हो. चार वर्षांपूर्वी हुकलेली बढती सापडली. भावाने बांधावरून कधीतरी ऐकवलेलं सापडलं. ही हल्ली पूर्वीसारखी बोलत नाही, असंही सापडलं आणि त्यावरून मी तीन दिवस अबोला धरला. तिचा काडीचा संबंध नव्हता. मन खिन्न असलं की खिन्न आठवणीच आधी हाताला लागतात आणि त्यातली प्रत्येक पुराव्यासारखी वाटते. तुम्हीही यादी करायला बसला असाल तर ती सध्या बाजूला ठेवा. निदान तिच्या भरवशावर नोकरी सोडू नका, कुणाशी संबंध तोडू नका.

मावशीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. फरक काही पडला नाही, पण तेवढा वेळ कुणी काही विचारत नव्हतं, ते बरं वाटलं.

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, तेही तळपायाला मुंग्या येतात म्हणून. त्यांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, मग म्हणाले, "रविवारी मिसळ खायला जाता ना अजून?" मी दोन महिने गेलो नव्हतो आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. उदास वाटण्याइतकंच हेही महत्त्वाचं असतं, की आवडीच्या गोष्टीतली गोडी गेलीय का. त्यांनी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगितलं. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा नाही. बी-१२ चांगलंच कमी निघालं. इंजेक्शनं घेतली, मुंग्या गेल्या, थकवाही कमी झाला. पहाटेचं पोतं मात्र होतं तिथेच. तरी या तपासण्या आधी कराच. तुमच्या बाबतीत पाळीच्या आधीचे दिवस, अलीकडे सुरू केलेली एखादी गोळी, हेही डॉक्टरांना आपणहून सांगा. सांगितल्याशिवाय कुणी विचारेलच असं नाही.

तिथून सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात पाठवलं. बाकावर बसलो तर समोर ऑफिसातलाच एक जण! दोघांनीही केसपेपर असा वाचायला घेतला की जणू त्यात अग्रलेख छापलाय. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली. पहिले पंधरा दिवस मळमळ आणि कोरडं तोंड याखेरीज काही हाती लागलं नाही. बंद करणार होतो, पण असर दिसायला काही आठवडे लागतात असं त्यांनी आधीच बजावलं होतं. चौथ्या आठवड्यात एके दिवशी पाचला जाग आली. चारला नाही, पाचला. बरं वाटल्यावरही त्यांनी बरेच महिने गोळी चालू ठेवली आणि मग हळूहळू कमी केली. ती आपल्या मनाने एकदम सोडायची नसते. सगळ्यांनाच गोळी लागते असं नाही. कित्येकांना नुसत्या समुपदेशनाने उतार पडतो. ते ठरवणं त्यांचं काम.

माझ्या हातात होतं ते एवढंच: मन लागेल तेव्हा करू, असं म्हणत थांबायचं नाही. आधी करायचं, मन लागलं तर नंतर लागेल. मी दुधाचा रतीब बंद केला आणि सहाला स्वतः पिशवी आणायला जायला लागलो. पुढे आयर्विन पुलापर्यंत. पहिल्या आठवड्यात कृष्णामाई दिसली की रडूच यायचं. येऊ दिलं. त्या वेळी पुलावर कोण बघतंय?

एक गोष्ट सरळ विचारतो, राग मानू नका. 'नसलेलंच बरं' असं मनात येतं का? येत असेल तर उद्याची वाट बघू नका. मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेलिमानस या सरकारी फोन-सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एकाला तरी आजच सांगा. तसं नसेल, तरी दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज असंच चाललंय म्हणजे डॉक्टरांना दाखवायची वेळ झाली. तुमचे तर दोन महिने झालेत.

नवऱ्याला काय सांगू, असं तुम्ही विचारलंय. कारण माहीत नाही, हेच सांगा. 'तुझं काही चुकलेलं नाही' हे आधी सांगा, कारण समोरचा मनातल्या मनात तेच चाचपत असतो. आमच्याकडे हिने 'काय झालं?' विचारणं सोडून दिलंय. मी गप्प दिसलो की चहा ठेवता ठेवता विचारते, "आज कितीला जाग आली?" त्याचं उत्तर मला देता येतं. आज सव्वापाच.