पिकअपचा ब्रेक दाबला की पुढून चिरका आवाज येतो. पॅड संपलेत का? घरी बदलता येतील का?

बहुधा संपत आलेत. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी पट्टी असते. मसाला (पॅडवरचा घासणारा थर) संपत आला की ती डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, घासून किंचाळते. आवाज खरखरीत झाला असेल तर लोखंड लोखंडाला लागलंय. मग गाडी भरून घाटात अजिबात नेऊ नका, डिस्कही जाईल.

चाक काढून आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड बघा. मसाला ३ मिमीच्या आसपास आला असेल तर बदला. आतला जास्त झिजला असेल तर कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिन किंवा पिस्टन अडकतोय; ते न सुधारता नवे पॅड टाकणं म्हणजे पैसे वाया. ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू खाली येणं हीसुद्धा झिजेची खूण, त्यामुळे पॅड न बघता वरून ऑइल भरू नका.

हत्यारं असतील तर घरी जमतं. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर काम नको, खाली स्टँड हवाच. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू न देता तारेने बांधा. पिस्टन सावकाश आत दाबा, टाकीतलं ऑइल वर येतं. दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदला.

सगळ्यात महत्त्वाचं: गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही.

बोलेरो पिकअपसारख्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, तिथले लायनरही (ड्रमला आतून घासणारा थर) याच वेळी तपासून घ्या.