ग्रॅन टुरिस्मो 7 या रेसिंग गेममध्ये मॅझ्दा 787बी या रेस कारची लिव्हरी (गाडीवरची रंगरचना) दुसऱ्या गाडीवर नीट कशी बनवायची?

तुम्ही लिहिलंय की आरएक्स-व्हिजन जीटी3 या मॅझ्दाच्याच दुसऱ्या गाडीवर 787बी चे केशरी-हिरवे रंग टाकले, शेड पण जुळवली, तरी ती 787बी वाटत नाही. पैज लावून सांगते, एक बाजू करून दुसरीकडे मिरर मारलाय तुम्ही, म्हणजे तीच बाजू आरशासारखी उलटून लावलीय. मूळ 787बी एकदा समोरून बघा, नाकच अर्धं केशरी अर्धं हिरवं आहे. दोन्ही बाजू सारख्या नाहीतच, सगळी मजा त्यात आहे, गाडी वळली की रंग बदलतो.

यावर मी खूप भांडलेय म्हणून एवढं लिहितेय. मी याच आरएक्स-व्हिजनवर ही लिव्हरी केली होती, रात्र रात्र बसून. केशरी आणि हिरव्याच्या मधे पांढरी रेघ आहे ना, तिनेच जीव काढला, कारण गेममध्ये डेकल (गाडीवर लावायचं स्टिकर) वरून, बाजूने, समोरून असं वेगवेगळं पडतं आणि बॉनेटवरून मडगार्डवर उतरताना रेघ तुटते नाहीतर जाड होते. ती वरून वेगळी आणि बाजूने वेगळी लावून कडेवर जुळवावी लागते, दुसरा उपाय नाही. मग आमच्या ग्रुपमधल्या एकाने माझी लिव्हरी उचलली, मिरर मारून दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि सुधारलेली म्हणून शेअर केली. वर मलाच म्हणे, रेसमध्ये बाजू कोण बघतं? अरे, 1991 ला ल माँ ही फ्रान्समधली 24 तासांची रेस जिंकलेली गाडी आहे ती! रोटरी इंजिनवाली तिथे जिंकलेली एकमेव, 362 लॅप, शेवटी तिचा ड्रायव्हर जॉनी हर्बर्ट इतका गळून गेला की पोडियमवर पण जाऊ शकला नाही. त्याच टीमच्या बाकी दोन गाड्या पांढऱ्या-निळ्या होत्या, त्याच रेसमध्ये सहाव्या आणि आठव्या आल्या, त्यांचे रंग किती जणांना आठवतात? 787बी ची स्पॉन्सर रेनाउन ही कपड्यांची कंपनी 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली, पण गाडीवरचं तिचं नाव लोक अजून हौसेने लावतात. डिझाइनची ताकद ही असते, आणि ज्याला हे टाईमपास वाटतं त्याने दुसऱ्याच्या लिव्हरीला हात लावू नये.

तर आधी गेममधलीच 787बी घ्या, फोटो मोडमध्ये दोन्ही बाजूंनी, समोरून आणि जमेल तितक्या वरून फोटो काढा, ते मोबाईलवर समोर ठेवून काम करा. रेनाउनची अक्षरं इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करा, गेममध्ये टाकायची एसव्हीजी (रेषांनी बनलेल्या चित्राची फाईल) 15 केबीच्या आत लागते, म्हणून पॉइंट कमी ठेवा. रंग साधा ग्लॉस, मेटॅलिक अजिबात नको.

हां, मिरर कायमच वाईट असं नाही, गल्फ या तेल कंपनीच्या निळ्या-केशरी रंगातल्या पोर्शेसारख्या लिव्हरीला चालतो, फक्त अक्षरं उलटी झाली नाहीत ना ते बघा. आणि फोर्झा हा दुसरा रेसिंग गेम खेळत असाल तर एसव्हीजीचं विसरा, तिथे बाहेरची फाईल घेताच येत नाही, सगळं आकार जोडून करावं लागतं.

ती मिरर मारलेली कॉपी अजून फिरतेय, सर्च केलं की दिसेल. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तर घेऊ नका.