अहवालातलं तुझं पान

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या अहवालासाठी विभागातल्या अध्यापकांच्या संशोधनाचं पान तुझ्याकडे आलंय. इतरांच्या नावापुढे दहा-बारा शोधनिबंध, तुझ्यापुढे दोनच, म्हणून तू खट्टू झालीस.

रकाने भर, त्याला इलाज नाही. फक्त प्रत्येकाच्या नावाखाली दोन ओळी जास्तीच्या लिही: प्रश्न काय होता आणि उत्तर कुणाच्या उपयोगी पडलं. सहकाऱ्यांना विचारून लिही, मनाने नको.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ सालचा. माणशी रोज २,२५० उष्मांक पोटात जायला किती खर्च येतो, हे त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून काढलं. १९६०-६१च्या किमतींना खेड्यात महिन्याला १५ रुपये, शहरात साडेबावीस. एवढंही न परवडणारे खेड्यांत सुमारे ४० टक्के निघाले, शहरांत सुमारे ५० टक्के. पुढे १९८३ साली विभागीय असमतोलाच्या सत्यशोधन समितीचं अध्यक्षपद दांडेकरांकडे आलं. रस्ते, सिंचन अशा एकेका क्षेत्रात कोणता जिल्हा किती मागे आहे, हे त्या समितीने रुपयांत मांडलं. तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्यात ‘अनुशेष’ हा शब्द चहाच्या टपरीवरही बोलला जातो. कोणत्या रकान्यात बसवशील हे?

धनंजयराव गाडगीळ त्याच संस्थेचे पहिले संचालक. विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने ते प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करायला उतरले आणि त्याचे अध्यक्षही झाले. मुंबई विद्यापीठातल्या चं. ना. वकील आणि ब्रह्मानंद यांनी १९५६ साली सरकारच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला विरोध केला. अवजड उद्योगांआधी धान्य आणि कापड वाढवा, नाहीतर नव्या मजुरांना खायला काय घालणार, असं त्यांचं म्हणणं. सरकारने ते ऐकलं नाही. तरी ते मोठं काम आहे असं मी मानतो, कारण आकडेमोड करून सरकारशी वाद घालायला धैर्य लागतं.

माझी पहिली पाहणी शेतमजूर बायकांची होती. ‘वर्षाचं उत्पन्न किती?’ असं विचारत सुटलो. त्या बिचाऱ्या काहीतरी आकडा सांगायच्या, मी लिहून घ्यायचो. रात्री बेरजा केल्या तर खर्च उत्पन्नाच्या दुप्पट. साठ फॉर्म बाद केले. मग प्रश्न बदलला: गेल्या आठवड्यात काम किती दिवस लागलं, रोख किती मिळालं, धान्य किती? त्या फेरीत निबंध एकही झाला नाही, पण विचारायचं कसं ते कळलं.

म्हणून तुझा ऊसतोडीवरचा निबंध मला इतका आवडला. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ रक्कम कोयत्यामागे, खाडाही कोयत्यामागे कापलेला आणि पैसे नवऱ्याच्या हातात. त्यात बाईची मजुरी किती, हे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत कुठेच नसतं. तू ते तिच्या कामाचे तास मोजून वेगळं काढलंस. त्यासाठी फडात जाऊन पहाटे चारला उठलीस. पैसे भरून महिनाभरात छापून आणलेल्या पाच निबंधांपेक्षा मला हे फार मोठं वाटतं. तसल्या नियतकालिकांच्या नादी लागू नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी.

स्वतःच्या नावाखाली लिहिताना हात आखडू नकोस. ‘कोयत्यातली बाईची मजुरी वेगळी मोजली’ एवढं स्पष्ट लिही.

मसुदा झाला की पाठव, मी बघतो. आणि बीडहून आणलेले मूळ फॉर्म अजून खोक्यातच असतील तर पावसाळ्याआधी विभागाच्या ग्रंथालयात नोंदवून ठेव, नावं झाकून. दहा वर्षांनी तुझ्याच एखाद्या विद्यार्थिनीला त्याच तांड्यांवर परत जायचं असेल.

तुझा,
सर