विधानसभेला अपक्ष उभं राहायचं तर प्रचाराला काय काय लागतं?

तुमचे मामा विधानसभेला अपक्ष उभे राहताहेत, हाताशी पंधरावीस पोरं आहेत, आणि तुम्ही विचारलंय की आधी गाड्या ठरवायच्या की सोशल मीडिया बघणारा माणूस शोधायचा. दोन्ही नंतर. आधी मतदार यादी काढा. आमच्या तालुक्यात बरीच वर्षं मी याद्या आणि हिशेब हीच कामं बघतोय. त्यात ढिलाई झाली की बाकीचा सगळा खर्च पाण्यात जातो.

२०२४ ला राज्यात एक लाखाच्या वर मतदान केंद्रं होती आणि जागा २८८, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे केंद्रं. प्रत्येक केंद्राची यादी वेगळी छापून घ्या आणि त्याच वस्तीतली दोन माणसं घेऊन बसा, एक जुनंजाणतं आणि एक तरुण. म्हाताऱ्याला भावकी माहीत असते, बांधावरून कोणाचं कोणाशी वाजलंय ते माहीत असतं. पोराला ठाऊक असतं की कोण चाकणला कंपनीत लागलाय आणि कोणत्या मुलीचं लग्न होऊनही नाव इथेच राहिलंय. एकेका नावापुढे खूण करायची: आपला, समोरच्याचा, काठावरचा, बाहेरगावी, मयत. हजारभर नावांना अख्खी संध्याकाळ जाते. मध्येच लोक कंटाळतात आणि 'लिहा हो, सगळी आळी आपलीच आहे' म्हणायला लागतात. ते ऐकू नका, घरटी विचारा. मामांनी स्वतः जायचं ते काठावरच्यांच्या दारात. पक्क्या माणसाच्या ओट्यावर तासभर चहा घेत बसायची उमेदवारांना फार हौस असते, कारण तिथे बरं वाटतं. त्यांना तिथून उठवणं हे तुमचं काम.

अठरा पूर्ण झालेली आणि यादीतून नाव गळालेली माणसंही याच बैठकीत सापडतात. त्यांचा नमुना ६, म्हणजे यादीत नाव घालायचा अर्ज, आत्ताच भरून घ्या, निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ होते.

अपक्षाची खरी अडचण वेळेची आहे. अर्जाला दहा सूचक लागतात, खुल्या गटाला अनामत दहा हजार, ते जमतं. पण चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर. मागच्या वेळी माघार ४ नोव्हेंबरला संपली आणि १८ ला संध्याकाळी प्रचार थांबला. चौदा दिवसांत साडेतीनशे केंद्रांवर नवं चिन्ह पोचवायचं! चिन्ह हलक्यात घेऊ नका. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हाचा उमेदवार जितक्या मतांनी हरला, त्याहून जास्त मतं एका अपक्षाच्या, तुतारीशी गफलत होईल अशा पिपाणी या चिन्हाला पडली. म्हणून मामांचं नाव आणि चेहरा दिवाळीआधीच घरोघर पोचलेला हवा, चिन्ह नंतर त्याला जोडता येतं. दिवाळीत पुण्या-मुंबईची पोरं गावी असतात, त्यांचे फोन नंबर तेव्हाच यादीवर लिहून घ्या. मतदानाच्या दिवशी त्यांना आणायला भाड्याची गाडी मात्र पाठवू नका, कायद्याने तो भ्रष्ट मार्ग ठरतो.

पैशाचं थोडक्यात सांगतो. मर्यादा ४० लाख. मोठी वाटते, पण केंद्रामागे साडेअकरा हजारही येत नाहीत. वेगळं बँक खातं अर्ज भरण्याआधी उघडावं लागतं, एका माणसाला दहा हजारांवर रोख देता येत नाही. चहा, खुर्ची, मंडप, जीप यांचे दर निवडणूक कार्यालय ठरवतं. तुमच्या मित्राने मंडप फुकट दिला तरी तो त्या दराने खर्चात धरतात. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव हवंच. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यायचा, हरलेल्यानेही. नाही दिला तर तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. रोजच्या रोज लिहिणारा एक माणूस नेमा, आणि त्याला फेऱ्यांना नेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माणसं. केंद्रात एक पोलिंग एजंट, म्हणजे मतदानावर नजर ठेवणारा तुमचा माणूस, शंभर मीटरबाहेर टेबलावर दोघं: साडेतीनशे केंद्रांना हजाराच्या वर माणसं होतात. तुमच्याकडे वीस आहेत. त्यामुळे मोठी सभा, मोठा रोड शो यांचा नाद सोडा आणि प्रत्येक केंद्रावर तिघं उभे करायच्या मागे लागा. जितकी केंद्रं भरतील तितकीच तुमची निवडणूक, असं मी मानतो.

एजंट कसा हवा? पहाटे साडेपाचला केंद्रावर हजर होणारा. मतदानाच्या दीड तास आधी सगळ्यांसमोर किमान पन्नास मतं टाकून मशीन तपासतात, मग ती मतं पुसून मशीन सील होतं. ते त्याने डोळ्यांनी बघायला हवं. बाहेर टेबलावर बसलेल्यांनी मतदाराला यादीतल्या क्रमांकाची चिठ्ठी देताना यादीत टिक करायची. दुपारी दोनला 'आपला' खूण असलेले कोण आले नाहीत ते त्या टिकांवरून कळतं, आणि मग त्यांच्या घरी पोरं पळवायची. संध्याकाळी सील झाल्यावर एजंटाने नमुना १७ सी ची प्रत घेतल्याशिवाय निघायचं नाही. किती मतं पडली तो आकडा आणि मशीनचा क्रमांक त्यावर असतो, आणि मोजणीच्या टेबलावर तुमचा माणूस याच कागदाशी मशीन ताडून बघणार असतो.