पाळणाघराच्या दारातलं रडणं

प्रश्न : माझी मुलगी 14 महिन्यांची आहे. महिनाभरापासून तिला घणसोलीत पाळणाघरात ठेवून मी ठाण्याला कामावर जाते. सोडताना ती आकांत करते. तिथला दुसरा एक मुलगा कधीच रडत नाही. सासूबाई म्हणतात, तिची नजर चुकवून निघत जा. तिला असुरक्षित वाटत असेल का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : नुसत्या रडण्यावरून तसं म्हणता येत नाही. साधारण 8 महिने ते दीड वर्ष या वयात हे रडणं ऐन भरात असतं. मुलाची आईशी असलेली जवळीक तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या चाचणीत याच वयाच्या मुलांना आईपासून दोनदा, जेमतेम काही मिनिटं दूर ठेवतात. निरीक्षकांचं मुख्य लक्ष असतं आई परत येते तेव्हा. सुरक्षित जवळीक असलेलं मूल तिच्याकडे झेपावतं, निवतं आणि पुन्हा खेळायला लागतं. काही मुलं चिकटतात, तरी हातपाय झाडत राहतात. काही रडत नाहीत, उलट तोंड फिरवतात. अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मात्र वाढलेले आढळले आहेत. त्यामुळे न रडणारा तो ‘शहाणा’, असं लगेच ठरवू नका. (स्वभावाने शांत मुलंही असतातच.)

नजर चुकवून निघणं नकोच. त्याने रडणं फक्त तुमच्या कानाआड होतं. आई न सांगता नाहीशी होते हे एकदा कळलं की मूल घरीही पाठ सोडत नाही; तुम्ही बाथरूममध्ये गेलात तरी दार बडवतं. रोज एकाच ताईच्या कडेवर द्या, “आई कामाला जाते, तुझा खाऊ झाला की येते” एवढंच सांगा आणि मिनिटाभरात निघा. रडू ऐकून परत फिरलात तर तिला तोच निरोप दोनदा सोसावा लागतो. 10-15 मिनिटांत ती खेळायला लागते का, हे ताईंना फोन करून विचारा. ताई सारख्या बदलत असतील तर तक्रार जरूर करा, कारण खरं बिघडतं ते तिथे.

संध्याकाळी लोकल उशिरा आली तरी घरी पोचल्यावर पहिली 15 मिनिटं तिची. कुकर, मोबाइल नंतर. ती रुसून पाठ फिरवेल. ओढून घेऊ नका, शेजारी जमिनीवर बसा.

लागल्या-पडल्यावरही ती कुणाकडेच येत नसेल किंवा हाकेला वळून पाहत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.