अंगठी पडल्यानंतरची सहा प्रकरणं

चि. पोरी,

आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला. ‘अंगठी तर नष्ट झाली सर, आता उरलेलं वाचू की नको?’ अगं, टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा खंड इथवर ओढत आणलास आणि नेमकं इथं येऊन हे विचारतेस?

आधी वैतागलीस ते मान्य. दुसऱ्या खंडाच्या शेवटी अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो शत्रूच्या हाती लागतो, त्याचा सोबती सॅम दाराबाहेर राहतो, आणि तिसऱ्या खंडाचा अर्धा भाग टॉल्किन आपल्याला भलत्याच लढायांत फिरवतो. पहिल्या वाचकांनी तर त्या दाराशी अकरा महिने काढले. दुसरा खंड आला नोव्हेंबर 1954 मध्ये, तिसरा 20 ऑक्टोबर 1955 ला. परिशिष्टं वेळेत होत नव्हती. टॉल्किनला खरं तर सगळं मिळून एकच पुस्तक हवं होतं. युद्धानंतर कागद महाग, म्हणून तीन खंड झाले.

पण आता मोज की. तिसऱ्या खंडाच्या उरलेल्या अर्ध्या भागात नऊ प्रकरणं आहेत आणि अंगठी पडते तिसऱ्यात. उरलेली सहा त्याने पानं भरायला लिहिली? वाच.

‘सिनेमा बघितलाय’ म्हणतेस. 2003 चा तो सिनेमा मलाही आवडतो, अकरा ऑस्कर उगाच नाही मिळाली. पण त्यात फ्रोडो आणि बाकीचे हॉबिट घरी येतात तेव्हा त्यांचं शायर होतं तसंच हिरवंगार असतं. पुस्तकात नसतं. पुढचं सांगणार नाही. बरं, एवढंच सांगतो: पुलावर फाटक बसलेलं असतं आणि त्यांच्याच गावात त्यांना अडवलं जातं. टॉल्किन 1916 ला, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत होता. 1918 पर्यंत त्याचे जवळचे मित्र, एक सोडून, सगळे मेले होते. अशा माणसाने विजयापाशी पुस्तक मिटलं असतं होय?

तिसरा खंड लंडनात निघाला त्याच्या तीनच आठवडे आधी इकडे राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. 1 नोव्हेंबर 1956 ला आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात. निर्णय झाला, गोष्ट संपली का? टिळकवाडीत वाढलेल्या पोरीला हे मी सांगायचं?

मी कोल्हापुरात शिकून परतलो तेव्हा वडगावच्या शिवारात बासमतीच्या जागी प्लॉटचे दगड उभे होते. बरोबरची पोरं पुण्याला, बेंगळुरूला गेली. ‘तू काय शहापुरातच बसलास’ हे अजून लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकतो. हट्टी म्हणतात. असेन. परत आल्यावरच खरं काम सुरू होतं असं मला वाटलं, म्हणून पोरांना मराठी शिकवत राहिलो. त्याचा हिशेब मी कुणाला देत नाही. आणि तरी तुला देतोय बघ! खंत एकच: या सहा प्रकरणांवर भांडायला कुणी उरलं नाही. ज्याने मला हे पुस्तक दिलं तो हल्ली फोनवर फ्लॅटच्या किमती सांगतो.

परीक्षेचं कारण सांगू नकोस. रात्री जेवण झाल्यावर एक प्रकरण, बास. निरोपांचं प्रकरण कंटाळवाणं वाटेल. वाटू दे, तरी वाच. 6 ऑक्टोबर ही तारीख आली की थांब आणि पहिल्या खंडात त्या दिवशी फ्रोडोला काय झालं होतं ते शोधून काढ. त्याला सगळे बरा झालेला समजतात. तू समजू नकोस.

परिशिष्टांतल्या वंशावळी सोडल्यास तरी चालेल. आरागॉर्न आणि आर्वेनची प्रेमकथा मात्र तिथंच आहे, ती सोडायची नाही.

या रविवारी येऊ नकोस. सहाही झाली की ये. येताना कुंदा आणू नकोस, डॉक्टरांनी बंद केलाय. आणलासच तर पाव किलो, आणि बाईंना कळू न देता.

तुझा,
सर